कडोलीच्या निवेदनाबद्दल

बेळगाव

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार. कडोली-काकती यमकनमर्डी मतदारसंघातून काढून बेळगावकडे घ्या, अशा तुझ्या निवेदनाचा मसुदा वाचला. ते जाणार परिसीमन आयोगाकडे, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखणाऱ्या आयोगाकडे. ‘मराठी जनतेवर अन्याय’ हा मथळा आधी काढ. खोटा नाही, पण बिनकामाचा. परिसीमन कायदा 2002, कलम 9 बघ, हद्दी आखायचे निकष त्यात आहेत. आटोपशीर भूभाग, नदी-डोंगर, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय. भाषा कुठेच नाही. पुढच्या वेळी कायदा नवा येईल, पण 1972 च्या कायद्यातही निकष जवळपास हेच होते.

हद्दीची रेष काय करते ते एका हिशेबात दाखव. एक-एक लाख मतदारांचे तीन मतदारसंघ, त्यात एका गटाचे 1,20,000. तिघांत 40-40 हजार वाटले तर जागा शून्य. एकात 90 हजार कोंबले तर एक. दोघांत 60-60 हजार बसले तर दोन.

पण 2008 च्या विधानसभेतल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पराभवाचं सगळं खापर रेषांवर फोडू नको. उचगाव, बागेवाडी मतदारसंघ गेले, समिती शून्यावर आली, खरं. तरी 2013 ला त्याच रेषांत बेळगाव दक्षिण आणि खानापूर आलेच ना! दुफळीचं पाप नकाशाच्या माथी कशाला?

कडोली-काकतीचा मुद्दा मात्र भक्कम आहे. तालुका बेळगाव, बाजार, दवाखाना, तहसील बेळगावात, आणि मतदारसंघ यमकनमर्डी, जे गाव हुक्केरी तालुक्यात! हे कलम 9 च्या भाषेत बसतं. फक्त गावं बाहेर काढायची तर तेवढी माणसं आत कुठून घालायची, तेही लिहावं लागतं. निवेदनं इथेच पडतात. 2001 च्या जनगणनेवर राज्याची सरासरी मतदारसंघामागे सुमारे 2,36,000 होती, आयोग 10 टक्के इकडेतिकडे चालवून घेई. त्यात यमकनमर्डी अनुसूचित जमातीसाठी राखीव, म्हणून जमातीच्या लोकसंख्येचा टक्काही मोजून दे.

आयोगाचा मसुदा राजपत्रात आल्यावर धावपळ करून भागत नाही. आयोगावर राज्यातले 5 खासदार, 5 आमदार सहयोगी सदस्य असतात. मत नसतं, पण त्यांनी मागणी केली तर त्यांचा वेगळा प्रस्ताव मसुद्यासोबत छापावा लागतो. त्यातला एक जण आधीच गाठ. अंतिम आदेशानंतर राज्यघटनेच्या कलम 329 मुळे कोर्टाचं दार जवळजवळ बंदच.

आणि गावांच्या नावापुढे जनगणनेचा कोड घाल. यादीत नुसतं ‘कंग्राळी’ लिहिलंयस. बुद्रुक की खुर्द?

तुझा,
विनायक