काट्याला दरवर्षी शिक्का, मायक्रोमीटरला कोण विचारतो?

महोदय,

रब्बीचं ओलीत सुरू झालं की आमच्याकडे मोटरी यायला लागतात. हिंगणघाट तालुक्यात माझी लेथ (लोखंड कातायचं यंत्र) आहे. मोटर खोलली की शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर), बेअरिंग बसते त्या जागी, सेंटर पंचाचे टोचे दिसतात. बेअरिंग ढिलं पडलं म्हणून कुणीतरी आधी ठोकून तिथे उंचवटे काढलेले असतात. शेतकरी म्हणतो, "भाऊ, मागच्यानं डुप्लिकेट बेअरिंग टाकलं." पुष्कळदा बेअरिंग चांगलं असतं. कातताना शाफ्टच मापाला कमी उतरलेला असतो, आणि तो कमी उतरतो कारण कारागिराच्या हातातला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, खोटं बोलतो.

खेड्यापाड्यातल्या लेथवर नवीन मायक्रोमीटर क्वचितच दिसतो. एखादा कारखाना बंद पडला की त्यांचं सामान निघतं, भंगारवाल्याकडून ते आमच्यापर्यंत येतं. जुनं घेण्यात काही वाईट नाही. चांगल्या बनावटीचा जुना मायक्रोमीटर स्वस्तातल्या नव्यापेक्षा कधीही बरा. पण तो घेतल्या दिवशी तपासावा लागतो, आणि तिथेच सगळे कंटाळतात.

0 ते 25 मिमीच्या मायक्रोमीटरच्या थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, 50 घरं असतात, एक घर म्हणजे 0.01 मिमी. 6204 नंबरच्या बेअरिंगचं भोक 20 मिमीचं. तिथे शाफ्ट 20 ला पूर्ण किंवा एखादं घर वरच पाहिजे, दोन घरं कमी झाला की आतली रिंग शाफ्टवर फिरायला लागते. आता बंद केल्यावर शून्याऐवजी 0.02 दाखवणारा मायक्रोमीटर 20.00 दाखवतो, तेव्हा शाफ्ट खरा 19.98 असतो. कारागीर बिचारा इमानदारीनं काम करतो आणि मोटर दोन महिन्यांत परत येते.

हे दुरुस्त करणं अवघड नाही. वस्तू धरतात त्या दोन्ही तोंडांमध्ये साधा कागद हलकेच धरून ओढून घ्यायचा, तेल-कचरा निघतो. मग रॅचेटनंच, म्हणजे टोकाच्या टकटक वाजणाऱ्या मुठीनंच, बंद करायचं. थिंबल मुठीत धरून आवळणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्या हाती शून्य रोज वेगळं. चूक घरभराची असेल तर स्पिंडल (पुढेमागे सरकणारा दांडा) लॉक करून स्लीव्हच्या (रेघ असलेल्या स्थिर नळीच्या) मागच्या छिद्रात हुक पाना अडकवायचा आणि स्लीव्ह किंचित फिरवून रेघ जुळवायची. त्याहून जास्त असेल तर रॅचेट ढिलं करून थिंबलच सोडवून शून्यावर बसवायचं, बारीक फरक नंतर स्लीव्हनं काढायचा. लॉक सोडून परत एकदा बंद करून पाहायचं, कारण आवळताना रेघ हमखास सरकते.

पण शून्य जुळलं म्हणजे मायक्रोमीटर खरा झाला, असं नव्हे. ज्या मापावर तो वर्षानुवर्षं चालला, तिथले आटे झिजलेले असतात. शून्यावर बरोबर, 20 वर चूक, असा मायक्रोमीटर मी हाताळलेला आहे. ते पकडायला स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे ठोकळे, लागतात, तेही 5.1, 10.3, 20.2 अशा मापांचे. नुसत्या पूर्ण मापांवर थिंबल दरवेळी शून्याच्याच रेघेवर थांबतं, बाकीचा फेरा तपासलाच जात नाही. तोंडं समांतर आहेत का, हे बेअरिंगमधली एक गोळी मधे आणि मग कडांना धरून कळतं. आकडा बदलला तर समजून घ्यायचं.

आमच्याकडच्या उन्हाचं वेगळंच. मापाचं प्रमाण तापमान 20 अंश, आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये काय असतं हे सांगायला नको. मायक्रोमीटर आणि जॉब (मोजायची वस्तू) दोन्ही पोलादाचे आणि दोन्ही सारखेच तापलेले असतील तर फारसं बिघडत नाही. पण लेथवरून नुकताच निघालेला शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा 40 अंशांनी गरम असला, तर 20 मिमीला जवळपास एक घर जास्त दाखवतो. थंड झाल्यावर तेवढंच कमी. घाईतल्या गिऱ्हाइकासमोर हे कोण ऐकतो?

अडत्याचा इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन खातं दरवर्षी तपासून शिक्का मारतं. तिथे मालाची खरेदी-विक्री होते, म्हणून कायदा आहे, हे मान्य. आमच्या मायक्रोमीटरवर कुणी काही विकत नाही, म्हणून त्याला विचारणारा कुणी नाही. नुकसान मात्र त्याच शेतकऱ्याचं होतं, ऐन ओलिताच्या दिवसात. नागपूरच्या प्रयोगशाळेतून दाखला आणणं कारखान्यांना परवडतं. आम्हाला जाण्यायेण्याचा दिवस आणि फी दोन्ही जड जातात.

माझी मागणी एवढीच आहे. तालुक्याच्या ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत, टर्नर आणि मशिनिस्टच्या पोरांना स्लिप गेज शिकवतात. ज्या आयटीआयमध्ये स्लिप गेजची चांगली पेटी आहे, तिथे महिन्यातून एक दुपार आम्हा लेथवाल्यांसाठी आणि मोटर वाइंडिंगवाल्यांसाठी ठेवावी. दाखला नको, शिक्का नको. पोरांनीच मोजावं, कोणत्या मापावर किती चूक आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यावं, त्यांचाही सराव होईल. वाजवी फी आम्ही देऊ. पेटी बाहेर नेण्याचा प्रश्नच नाही, मायक्रोमीटर पुसून आम्हीच घेऊन येऊ.

— एक लेथ कारागीर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा