अनलिमिटेड प्लॅन दहा तारखेला संपतो, पुढच्या वीस दिवसांचे पैसे कशाचे घेता?

प्रति,
ग्राहक तक्रार आणि अपील विभाग

विषय: 150 एमबीपीएसच्या 'अनलिमिटेड' प्लॅनचा स्पीड दर महिन्याला पाडणे आणि तोच परत टॉप-अप म्हणून विकणे

नमस्कार,

तुमच्या कॉल सेंटरला समजावून समजावून माझा घसा बसला म्हणून आता लेखीच देतेय. फोनवर दरवेळी नवीन माणूस, दरवेळी "मॅडम राउटर रिस्टार्ट करून बघितला का" पासून सुरुवात, आणि तासाभरात मेसेज येतो की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला स्टार द्या. कोणी सोडवली, काय सोडवलं, काही पत्ता नाही. तर हे पत्र नवीन तक्रार म्हणून घेऊ नका, अपील म्हणून घ्या.

मी लालबागला राहते आणि घरूनच व्हिडिओ एडिटिंग करते, मेनली लग्नाचे. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. आजकाल फोर-केच्या खाली कोणी शूट करत नाही, 100 एमबीपीएस बिटरेट, म्हणजे कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट डेटा साठवतो असं धरलं तर एका कॅमेऱ्याचं फुटेज तासाला 45 जीबी होतं, वर हळद, लग्न, रिसेप्शन मिळून तीन-तीन कॅमेरे चालू, त्यामुळे एक लग्न आरामात 500 जीबीच्या घरात जातं. हे सगळं फोटोग्राफर ऑनलाइन ड्राइव्हवर टाकतो, मी उतरवून घेते, कापते-जोडते आणि फायनल परत चढवते. हे मी तुमच्या सेल्सच्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, तो आमच्या घरात उभा राहून दोन मॉनिटर बघत होता आणि म्हणाला "ताई तुमच्यासाठीच आहे हा प्लॅन, बिनधास्त वापरा". त्याच्या भरवशावर सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले. महिन्याला 899, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1060 रुपये 82 पैसे.

चाळीच्या तोंडाशी छत्री लावून तुम्ही जी पत्रकं वाटलीत त्यातलं एक अजून माझ्याकडे आहे. त्यावर हाताएवढ्या मराठी अक्षरात "अनलिमिटेड इंटरनेट, 150 एमबीपीएस" असं आहे, त्याच्या डोक्यावर एक चांदणी आणि त्या चांदणीचा खुलासा अगदी खाली, प्रिंटरच्या नावाच्या वर, इंग्लिशमध्ये आणि एवढ्या बारीक की मोबाईलने फोटो काढून झूम करावा लागला. त्यात लिहिलंय की महिन्याला 1000 जीबी झाले की स्पीड 2 एमबीपीएस. मोठं मराठीत आणि बारीक इंग्लिशमध्ये, हे काही चुकून झालेलं नाही ना? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारच्या 2022 च्या गाइडलाइन्स आहेत, त्यात सरळ म्हटलंय की दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासा पाहिजे आणि फॉन्टही तोच. तुमच्या लीगलवाल्यांना ठाऊक असेलच.

आता जरा हिशोब करू, कारण तुमच्याकडे कोणी केलेला दिसत नाही. 150 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 150 मेगाबिट, आठने भागा, साधारण पावणेएकोणीस मेगाबाइट. या स्पीडने 1000 जीबी किती वेळात संपतात माहितीय? पंधरा तास पण लागत नाहीत. महिन्यात 720 तास असतात. म्हणजे जो स्पीड तुम्ही मला विकला तो मी खरोखर वापरला तर पंधराव्या तासाच्या आत माझा महिना खलास. महिन्याचा फर्स्ट क्लासचा पास काढावा आणि दहा तारखेला टीसीने म्हणावं की तुमचा प्रवास फार झाला, आता महिनाअखेरपर्यंत मालडब्यातून जा, तसं आहे हे. आणि त्या 1000 मध्ये अपलोड पण धरता हे मला कस्टमर केअरच्या एका मुलीने बोलता बोलता सांगितलं, त्या पत्रकावर बारीक अक्षरात पण ते नाहीये.

मान्य आहे, साध्या घराला 1000 जीबी पुरतात. आमच्या शेजारच्या काकू दिवसभर टीव्हीवर मालिका लावून ठेवतात, त्यांचे निम्मे पण होत नसतील. माझा मुद्दा मर्यादा का ठेवली हा नाहीच. 1000 ची आहे तर 1000 ची म्हणून विका ना, मी बघेन मला परवडतं का.

लिमिट संपल्यावर, म्हणजे माझ्या बाबतीत दहा तारखेनंतर, काय होतं ते पण ऐका. कागदावर 2 एमबीपीएस. प्रत्यक्षात मी तुमच्याच माणसाने सांगितल्याप्रमाणे वायफाय बंद करून, राउटरमधून लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावून रात्री तीन वाजता चेक केलं तर 1.4 च्या आसपास येतं. जानेवारी 2023 पासून सरकारच्या व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी 2 एमबीपीएस, त्याच्या आधी 512 केबीपीएस होतं. मग दहा तारखेनंतर तुम्ही मला जे देता ते सरकारच्या हिशोबाने ब्रॉडबँडच नाही, पण बिलावर तर ब्रॉडबँडच लिहिता. तुमचा सुपरवायझर मला ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, 2016 चा आदेश ऐकवत होता की लिमिटनंतर 512 केबीपीएस द्यायचं बंधन आहे आणि आम्ही त्याच्या कितीतरी जास्त देतो. अहो पण 512 हीच तेव्हा व्याख्या होती, म्हणून तो आकडा आला. व्याख्या चौपट झाली तरी तुम्ही जुन्या आकड्याच्या आडोशाला उभे. शिवाय त्याच आदेशात लिमिट संपत आली की ग्राहकाला आधी कळवा असं पण आहे, ते मात्र सोयीस्कर विसरता. मला मेसेज येतो तो स्पीड पडल्यावर, आणि त्यात टॉप-अपची लिंक असते.

गेल्या सीझनला पार्ल्याच्या एका लग्नाचं फुटेज उतरवत होते. डाउनलोड चाललं होतं मस्त आणि 64 टक्क्यांवर स्पीड पडला. रात्री झोपताना 64, सकाळी चहा घेऊन स्क्रीनसमोर बसले तर 65. आठ तासात एक टक्का! 180 जीबी बाकी होते, त्या स्पीडने बारा दिवस लागले असते. शेवटी हार्ड डिस्क पर्समध्ये टाकली, करी रोडला गाडी पकडली, दादरला बदलली, पार्ल्याला त्या फोटोग्राफरच्या घरी जाऊन कॉपी करून घेतलं आणि संध्याकाळच्या गर्दीत डिस्क छातीशी धरून परत आले. काम दुपारच्या आत सुरू व्हायला हवं होतं ते रात्री नऊला सुरू झालं, क्लायंटची बोलणी मी खाल्ली.

आता मुख्य प्रश्न, आणि याचं उत्तर मला तुमच्याकडून पाहिजेच. तुम्ही या प्रकाराला फेअर युसेज म्हणता, कारण म्हणे एकाने फार ओढलं तर बाकीच्यांना मिळत नाही. बरं. लाइनवर गर्दी कधी असते? रात्री आठ ते अकरा, सगळी चाळ मॅच नाहीतर मालिका लावून बसलेली असते तेव्हा. मी मोठे डाउनलोड रात्री एक नंतर लावते, त्या वेळी कोणाचं काही जात नाही, पण ते जीबी पण तुम्ही तसेच मोजता. आणि खऱ्या गर्दीच्या वेळी महिन्याच्या दोन तारखेला पण, लिमिट नुसती सुरू झालेली असताना, सगळ्यांचंच नेट रडत असतं. म्हणजे महिन्याच्या बेरजेने गर्दी कमी होत नाही हे तुम्हाला पण माहितीये. गर्दी कमी करायची तर लाइन वाढवा, आमच्या भागात एका पोर्टवर, म्हणजे तुमच्या एका मुख्य लाइनवर, किती घरं जोडलीत ते सांगा.

आणि सगळ्यात भारी म्हणजे टॉप-अप. 300 रुपये भरले की पुढच्या मिनिटाला परत 150 एमबीपीएस, 200 जीबीसाठी. मग ते बाकीचे बिचारे ग्राहक, त्यांचं काय झालं? माझ्या 300 रुपयांनी फायबर जाड झाली का? प्लॅनमध्ये जीबी पडतो जीएसटी सोडून 90 पैशाला, टॉप-अपमध्ये दीड रुपयाला, आणि उरलेला डेटा बिलाची तारीख आली की गायब. याच्यात नेटवर्क सांभाळण्याचं काय आहे मला तरी दिसत नाही, स्पीड पाडायचा आणि तोच परत विकायचा एवढंच दिसतं.

अजून एक. संध्याकाळी स्पीड टेस्ट लावली की ती 140-145 दाखवते आणि त्याच वेळी ड्राइव्हवरचं डाउनलोड रखडलेलं असतं. टेस्टचा सर्व्हर तुमच्याच नेटवर्कमध्ये असेल तर आकडा छान येणारच, बाहेरचा रस्ता तुंबलाय की नाही ते त्यातून कळत नाही. मुद्दाम एखादी सर्व्हिस स्लो करता असा आरोप मी करत नाहीये, जुलै 2018 मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे सगळ्या साइट्सना सारखी वागणूक, मंजूर केल्यापासून तसं करता येत नाही, पण मग का होतंय ते सांगा. "आमच्याकडून सगळं ओके आहे" हे उत्तर नको.

"मॅडम तुमचा कमर्शियल युज आहे, बिझनेस प्लॅन घ्या" हे पण ऐकून झालंय. दोन मॉनिटर बघून घरगुती प्लॅन गळ्यात मारताना हे का नाही सुचलं? दुसऱ्या कंपनीकडे गेले असते एव्हाना, पण आमच्या चाळीत जिन्यातून गॅलरीपर्यंत एकच केबलवाला वायर टाकतो आणि तो तुमचा आहे. हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे म्हणूनच एवढा माज.

मला पुढच्या गोष्टी लेखी पाहिजेत. सहा महिन्यांचा माझा वापर तारखेनुसार, डाउनलोड वेगळं अपलोड वेगळं. ज्या दिवसांत 2 च्या खाली स्पीड होता त्या दिवसांची बिलातून वजावट. आणि मला कनेक्शन बंद करायचं झालं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे पूर्ण परत, "ॲडव्हान्स रिफंडेबल नाही" हे वाक्य मला आधी कोणी दाखवलेलं नाही. ते पत्रक तर बदलाच, कारण परवा सेम पत्रक नवीन टॉवरच्या गेटवर वाटताना पाहिलं.

अपिलावर 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो हे ट्रायच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमात आहे, म्हणून आजची तारीख लिहून ठेवलीय. ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही हे मला माहितीये, ते सांगायची तसदी घेऊ नका. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवणार आहे, मुंबई ग्राहक पंचायतीत विचारून ठेवलंय, आणि टेलिकॉमचा ग्राहक ग्राहक आयोगात जाऊ शकतो हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय, 5 लाखांपर्यंतच्या केसला तिथे फी पण नाही. जायची हौस नाही मला, सीझन तोंडावर आहे, पण जाईन.

पत्रकाचा फोटो, स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट, टॉप-अपच्या पावत्या आणि तुमचे ते "तक्रार सोडवली" वाले मेसेज सगळे जोडलेत. कस्टमर आयडी आणि सगळे डॉकेट (तक्रार) नंबर मेलच्या सब्जेक्टमध्ये आहेत, परत फोन करून विचारू नका. फोन करायचाच असेल तर दुपारी बारानंतर करा, आणि ज्याला निर्णय घ्यायचा अधिकार आहे त्यानेच करा.

तुमची ग्राहक,
लालबाग, मुंबई