बरडावरचं घर

जि. यवतमाळ
२८ मे

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप आईनं सांगितला. "वर्ष होत आलं, पाया खोदला की नाही म्हणून विचारत होता." नाही खोदला. आणि का नाही खोदला हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून आज जेवणं झाल्यावर लिहायला बसलो. रात्रीचे दहा वाजले तरी भिंती तापलेल्याच आहेत. दुपारी पारा ४५ वर होता.

घर कुठं बांधायचं, हे माझ्या मनात शाळेपासून ठरलेलं होतं. तुलाही ठाऊक आहे ती जागा. विहिरीजवळ, निंबाखाली, जिथं आपण शिदोरी सोडायचो. पुण्याला भाड्याच्या खोलीत होतो तेव्हाही डोळे मिटले की तीच सावली दिसायची. नकाशासुद्धा तीच जागा धरून काढून घेतला होता. आता तिथं घर होणार नाही. निंबाखाली पूर्वीसारखीच कापसाची पऱ्हाटी उभी राहील.

काकांचं घर तुला आठवत असेल. गावातलं सोडून त्यांनी वावरात बांधलं, भर काळ्या मातीत. ठेकेदारानं तीन फूट खोदलं, खालची माती कशी आहे ते न पाहता वर दगड रचले आणि मोकळा झाला. यंदा काकूंकडं गेलो तेव्हा ते घर पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी थेट स्लॅबपर्यंत गेलेली. आत्ता मे महिन्यात तिच्यात माझं बोट जातं. काकू म्हणतात, भादव्यात तिच्यात नखही जात नाही. पावसाळ्यात देवघराचं दार लागत नाही, उन्हाळ्यात त्याच दाराखालून विंचू आत येतो. तीन वेळा सिमेंट भरलं, तीनदा फुटलं. त्या माउलीनं आयुष्यभराची पुंजी त्या घरात घातली आहे रे. पाहून जीव कासावीस झाला.

तिथून आलो तो तसाच वावरात गेलो. जमीन भेगाळलेली होती. निंबाजवळच्या एका भेगेत तुराटी, तुरीची वाळकी काडी, घातली. चार फुटांची तुराटी, वाकडी न होता पूर्ण आत गेली आणि हातातून सुटली. खाली कुठं टेकल्याचा आवाजही आला नाही. याच जागेवर मी आईबाबांची खोली काढली होती.

मग कॉलेजातल्या त्या आपल्या सिव्हिलवाल्याला बोलावलं. त्यानं काही सांगण्याआधी खड्डे खणायला लावले. तीन खड्डे. विहिरीजवळच्या खड्ड्यात अकरा फुटांपर्यंत नुसती काळी माती, फावड्याला चिकटणारी, चिरा पडलेली. त्याखाली पिवळट चिकट माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. बारा फुटांवरही मुरूम लागला नाही. कडा ढासळायची भीती वाटली म्हणून गड्यांना वर काढलं. दुसरा खड्डा उतारावर, तिथं सहा फुटांवर मुरूम. तिसरा बरडावर, आपल्या त्या नापीक खडकाळ तुकड्यावर. तिथं वीतभर तांबूस माती, की खाली लगेच मुरूम. तीन फुटांवर सबल, म्हणजे पहार, खणखणली. तो आवाज ऐकून माझ्या पोटातला गोळा विरघळला, खरं सांगतो.

आपली काळी माती म्हणजे लाव्हाच्या खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आखडते. म्हणून तर तिच्यात ओल टिकते, म्हणून तर कापूस येतो. पण वर घर असेल तर ती त्या घरालाही दरवर्षी उचलते नि खाली सोडते, आणि तेही सगळीकडं सारखं नाही. कडेची माती आधी भिजते, घराखालची कोरडीच राहते, म्हणून भिंत तिरपी फाटते. मी आईच्या दोन काचेच्या ग्लासांत दोन-दोन बोटं माती घेतली, एकात काळी, एकात बरडाची, आणि वरून पाणी ओतून ठेवलं. सकाळी मुरूम होता तिथंच होता. काळी तीन बोटं झाली होती. आई बराच वेळ त्या ग्लासाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणून तुह्या काकूचं दार लागत नाई."

काळ्या मातीत घर होतच नाही असं नाही. खोल भोक पाडून खाली कांद्यासारखा फुगवटा काढायचा आणि त्यात काँक्रीट भरायचं, अशी पाइलची पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी तयार केली आहे. फुगवटा साधारण बुंध्याच्या अडीच पट रुंद. साडेतीन मीटरच्या आसपास खाली गेलं की मातीचं फुगणं-आखडणं फारसं पोचत नाही, तिथं घराला पाय टेकवायचे. वर बीम टाकायचे, पण मातीला चिकटवायचे नाहीत, खाली पोकळी ठेवायची. आपला मित्र म्हणाला, करू, पण खर्च वाढेल आणि भोक पाडायचं यंत्र पांदणीतून आणावं लागेल. मी बाबांकडं पाहिलं. ते इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "चांगल्या काया वावरात घर कायले? तिथं पऱ्हाटी होते. बरडावर काईच होत नाई, तिथं बांध."

ते वाक्य ऐकून मी त्या रात्री झोपलो नाही. जुने लोक शेतीला काळी म्हणायचे आणि गावठाणाला पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यामागं मातीची पारख आहे हे मला चाळिशीत कळलं. बरडावर आपण बोरं वेचायला जायचो, गुडघे फोडून घ्यायचो, आठवतं? सहा एकरांतले जेमतेम ३० आर. बाबांनी तिथं एकदा तीळ पेरून पाहिला होता, बियाणंही परत आलं नाही. आता तिथं चुन्यानं चौकोन आखला आहे.

यंदाचा एक पावसाळा मात्र मी थांबणार आहे, आणि म्हणून पाया नाही. बरडाच्या वरच्या अंगानं पाणी कुठून येतं, कुठं वळतं, नाला किती चढतो, हे उन्हाळ्यात उभं राहून कळत नाही. मी बाभळीच्या खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत, पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जाईन आणि पाणी पाहीन. वरच्या बाजूला आडवा चर काढला आहे. जोत्यासाठी मुरमाचा भराव सहा-सहा इंचांच्या थरानं टाकतो आहोत. प्रत्येक थरावर पाणी, मग धुम्मसानं ठोकून घट्ट करणं. आतापर्यंत चाळीस ब्रास पडला. एक पावसाळा खाऊन तो बसू दे, मग दिवाळीनंतर खोदू. शिवाय पांदण पहिल्या पावसानंतर रेतीचा ट्रॅक्टर जाऊ देत नाही, ते वेगळं सांगायला नको.

कागदांचं थोडक्यात सांगतो. मोजणी झाली. आपला पूर्वेचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्याकडं दीड हात सरकलेला निघाला. मी भांडलो नाही. दोघांनी मिळून दगड रोवले आणि त्याच्याच घरी चहा घेतला. गावठाणापासून २०० मीटरच्या आत असतो तर अकृषिकची, म्हणजे बिगरशेती परवानगीची, वाट सोपी होती, पण आपलं वावर त्याच्या बाहेर. मात्र १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात शेतघराची व्याख्या वाचली आणि फार बरं वाटलं. अवजारं ठेवायला, पीक साठवायला, जनावरं बांधायला आणि शेतकऱ्याच्या कुटुंबानं राहायला, हे सगळं एकाच वाक्यात आहे. बँकेनं कर्जासाठी अकृषिकचा आदेश मागितला, म्हणून कर्जच नको म्हटलं. हातात असेल तेवढं बांधू. आधी दोन खोल्या, ओसरी आणि गोठा.

दुसरी गोष्ट तुला सांगायलाच हवी. बाबांनी आम्हा भावंडांची नावं सातबाऱ्यावर चढवायला घेतली तेव्हा घरातल्या तिघा-चौघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्ही बहिणींकडून हक्कसोड करून घे, नंतर त्रास होतो. ताई तर सही करायला निघालीच होती. मी कागद फाडला. बाबांची मुलगी म्हणून तिचा हिस्सा माझ्याइतकाच आहे, कायद्यानंही आणि माझ्या मनानंही. नकाशात पूर्वेची एक खोली आहे, तिच्यावर मी पेन्सिलनं 'ताया' एवढंच लिहिलं आहे. ताईनं तो कागद पाहिला आणि काही न बोलता चुलीकडं गेली.

पाण्याचं. शेजारच्या बोअरचं आणि आपल्या विहिरीचं पाणी तपासून आणलं. बोअरमध्ये फ्लोराइड लिटरला २ मिलीग्रॅमच्या वर, विहिरीत एकाच्या खाली. दीडच्या वर नको म्हणतात. आपल्या जिल्ह्यात कित्येक गावांतल्या पोरांचे दात कशानं पिवळे पडले ते तू पाहिलं आहेस. म्हणून बोअर करणार नाही. विहिरीचं पाणी पाइपनं वर आणू आणि छताचं पावसाचं पाणी टाकीत घेऊ. हजार चौरस फुटांच्या छतावर ९०० मिलीमीटर पाऊस पडला तर ८० हजार लिटरच्या वर पाणी होतं. सगळं नाही धरता येणार, पण पिण्यापुरतं पुरेल.

आता घराबद्दल. मागच्या आठवड्यात मुद्दाम भर दुपारी सेवाग्रामला गेलो. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा ते शेगाव होतं. बापू कुटीत शिरलो तसं अंगावरचं ऊन उतरलं. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि छपराची वळचण इतकी खाली की ऊन भिंतीला शिवतच नाही. मी भिंतीला हात लावून किती वेळ उभा होतो. घर लहान असू दे, पण असं असावं. म्हणून पश्चिमेला एकही खिडकी नाही. तिकडं गोठा आणि कापसाची खोली, म्हणजे दुपारचं ऊन त्यांच्या भिंतीवर जाईल. उरलेल्या तिन्ही बाजूंनी ओसरी. पश्चिमेच्या धुऱ्यावर या पावसाळ्यात निंब आणि करंज लावतो आहे. घर उभं राहीपर्यंत झाडं माझ्या खांद्याला लागलेली असतील.

छतावरून मात्र आईशी अडलं. मला कवेलू हवे होते. आई म्हणाली, वानरं एका दुपारी सगळे फोडतील, गावानं टीन उगाच नाही टाकले. तिचं खरं आहे. शेवटी मार्ग असा निघाला की स्लॅब टाकताना सळ्यांच्या चौकटीत खालच्या अंगाला जुने कवेलू पालथे मांडायचे आणि वरून काँक्रीट ओतायचं. स्लॅबचा खालचा भाग काँक्रीटच्या जोरावर काम करत नाही, तिथं सळईच ताण घेते. म्हणून तिथं कवेलू बसले तर काँक्रीट वाचतं, वजन उतरतं, उष्णताही कमी येते. खाली निजलं की वर कवेलूच दिसतील.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. कवेलू नवे मिळत नाहीत. परवा तुझ्या वाड्यावरून गेलो. मागची खोली बसली आहे. माजघराचं छप्पर अजून उभं आहे, पण आड्यानं मान टाकली आहे. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात तेही येईल, आणि कवेलू खाली आले की खापऱ्याच होतील. मी आत गेलो होतो, तुला न विचारता, त्याबद्दल माफ कर. चुलीपाशी आजीनं सारवलेला पट्टा अजून दिसतो. दाराच्या सागवानी चौकटीवर आपण दोघांनी विळ्यानं उंचीच्या खुणा केल्या होत्या ना, त्या आहेत. माझी एक बोट वर आहे, तू कबूल करत नव्हतास.

ते कवेलू मला दे. आणि ती चौकटही. बाजारभावानं किंमत सांग, मी पैसे पाठवतो, त्यात नाही म्हणू नकोस. चौकट मी ओसरीवरून आत जायच्या दाराला लावीन, खुणा रंधून काढणार नाही. तुला वाडा जसा आहे तसाच राहू द्यायचा असेल तर तसं मोकळेपणानं लिही, माझ्या मनात काही राहणार नाही. पण लवकर लिही. मृग ७-८ जूनला लागतो. उतरवायला चार माणसं आणि दोन दिवस लागतील, आणि एक-एक कवेलू हातोहात खाली द्यावा लागेल. तू आलास तर वर आड्यावर मी चढतो, खाली तू उभा राहा.

आई विचारते आहे, तुला अजून मिरचीचा ठेचा चालतो का. डबा भरून ठेवते म्हणाली.

तुझाच

ता. क. विहिरीजवळचा खड्डा बुजवला. बरडावरचा उघडा ठेवला आहे, तू आलास की सबल मारून पाहा.