एकूण युनिटवरून विकास मोजता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेची मागणी वाढली की अर्थव्यवस्था जोरात आणि घटली की मंदी, असा अर्थ हल्ली सर्रास लावला जातो. एप्रिल २०२० मध्ये तो खरा होता. टाळेबंदीत कारखाने बंद पडले आणि देशाची विजेची मागणी एक पंचमांशाहून अधिक खाली आली. परंतु ३० मे २०२४ रोजी कमाल मागणीने अडीच लाख मेगावॅटचा विक्रम गाठला, तो प्रामुख्याने उष्णतेच्या लाटेमुळे. पुढच्या वर्षी पाऊस लवकर आला, मुंबईत तर २६ मे रोजीच. पंखे आणि एसी यांचा भार उतरला व मे महिन्यातील देशाचा वीजवापर आदल्या वर्षीपेक्षा घटला. तरीही त्या एप्रिल-जून तिमाहीचा विकासदर पहिल्या अंदाजात ७.८ टक्के निघाला.

वीज आणि उत्पादन यांचे नाते घट्ट आहे, यात वाद नाही. इचलकरंजीत राहणाऱ्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. मात्र येथे युनिटच्या संख्येइतकाच पुरवठ्याच्या सलगतेला अर्थ आहे. चालू मागावर वीज अचानक गेली की तो पुन्हा सुरू होताना कापडावर आडवी पट्टी उमटते, आणि असा तागा व्यापारी कमी भावातच उचलतो. सूत तेवढेच लागते, मजुरी तेवढीच द्यावी लागते, विजेचेही जवळजवळ तेवढेच युनिट मीटरवर पडतात; कमी होते ती फक्त मालाची किंमत. याउलट एखाद्या कारखान्याने छतावर सौर पॅनेल बसवले, तर वितरण कंपनीची विक्री घटते, पण उत्पादन तसूभरही कमी होत नाही. एकूण वापराच्या आकड्यात यांपैकी काहीच दिसत नाही, आणि तरी त्याच आकड्यावर धोरणांची चर्चा होते, याची मला खरोखर चिंता वाटते.

म्हणून विनंती, की वीजवापराच्या बातम्या देताना आपण औद्योगिक, घरगुती, व्यापारी आणि शेतीचा वापर स्वतंत्रपणे छापावा, आणि त्या महिन्यातील तापमानाचाही उल्लेख करावा. शेतीच्या आकड्याखाली तो मोजलेला आहे की अंदाजे, हेही अवश्य नमूद करावे, कारण राज्यातील अनेक कृषिपंपांना मीटरच नाहीत आणि त्यांचा वापर पंपाच्या अश्वशक्तीवरून धरला जातो.

आपला,
एक यंत्रमागधारक, इचलकरंजी