पन्हाळ्याच्या सरांना, निपाणीहून

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या पन्हाळ्यावरच्या अवकाश संशोधन केंद्रात ज्यांची ये-जा आहे, ते ओळखतीलच.

आमची मराठी शाळा निपाणीजवळच्या खेड्यातली. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की आम्ही पाहुणे, त्यामुळं कोल्हापूरकडच्या विज्ञान उपक्रमांची पत्रकं आमच्यापर्यंत सहसा येत नाहीत. तुम्ही मात्र शाळा कुठल्या राज्यातली हे विचारलंच नाही. अट एकच घातलीत, अमावास्येच्या आसपास येऊ नका, तेव्हा आकाशाचे फोटो काढणारा कॅमेरा रात्रभर चालू असतो आणि दिवसा आमचं डोकं चालत नाही. अमावास्येला इकडं म्हातारी माणसं पोरांना उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. चंद्राचा उजेड नको म्हणून तुमची कामाची रात्र नेमकी तीच, हे ऐकून आमच्या पोरांना तुम्ही भलतेच आवडलात.

पण आभार त्या भेटीपेक्षा नंतरच्या लखोट्यांचे मानायचेत. सगळं आकाश एका गोल चित्रात मावलेले ते रात्रीचे फोटो तुम्ही छापून पाठवत राहिलात. सुमारे 250 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू रात्रीसुद्धा मंद तांबडा उजेड देतात, 630 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. त्या उजेडात उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे म्हणजे प्लाझ्माचे बुडबुडे, विद्युतभारित कण विरळ झालेल्या जागा. सूर्य मावळल्यावर चुंबकीय विषुववृत्ताजवळ, म्हणजे पार खाली केरळ-तमिळनाडूच्या बाजूला, आयनांबराचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित कणांचा, थर वर उचलला जातो, खालचा विरळ भाग त्यात घुसतो आणि चुंबकीय रेषांच्या वाटेनं आपल्या डोक्यापर्यंत पसरतो. केरळातल्या थुंब्याचं रॉकेट केंद्र तिथंच का उभारलं, हे त्या ओघात पोरांना कळलं. पुस्तकात नुसतं तिथल्या पहिल्या रॉकेटचं 1963 साल पाठ करायला लागतं.

फोटोत पूर्व डावीकडं! त्यावरून वर्गात भांडणं झाली. शेवटी एका पोरीनं कागद डोक्यावर धरला, वर मान करून बघितलं आणि म्हणाली, "सर, बरोबरच हाय की ओ, आपण खालनं बघतोय." मग काही मिनिटांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून, तुम्ही दिलेल्या मापावरून त्यांनी त्रैराशिक मांडलं. बुडबुड्याचा वेग आला ताशी साधारण 400 किलोमीटर, पूर्वेकडं. नकाशावर पट्टी ठेवली तर निपाणीवरून निघालेला पट्टा तासाभरात रायचूरच्या पुढं. उत्तर बरोबर आहे का म्हणून तुम्हाला पाठवलं, तर तुम्ही नुसतं 'बरोबर' लिहून सोडलं नाही. सेकंदाला 100 मीटरच्या आसपासचा हा वेग संध्याकाळनंतर जास्त असतो आणि मध्यरात्र उलटली की मंदावतो, तेव्हा फोटोची वेळ आधी लिहा, असं कळवलंत. दहावीच्या पोरांशी कोणी इतक्या बरोबरीनं बोलत नाही. आम्ही शिक्षकही नाही बोलत, खरं सांगायचं तर.

पावसाळ्यात कॅमेरा बंद म्हणजे केंद्रही बंद, असं पोरांनी ठरवून टाकलं होतं. त्यावर तुम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या 1999 सालच्या रडारबद्दल लिहिलंत. 1.98 मेगाहर्ट्झच्या त्याच्या लहरींना ढगांचं काहीच वाटत नाही, त्या साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरचं वारं मोजत राहतात. ते पत्र अजून वर्गात लावलेलं आहे.

आणि मे 2024 मधलं सौर वादळ. लडाखात हान्लेचं आकाश तांबडं झालं आणि आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रात्री मोबाईल बंद ठेवा, किरणं येणार' सुरू झालं. तुमचं चार ओळींचं उत्तर मी तसंच तिथं टाकलं. हवेचा जाड थर आपल्याला राखतो, त्रास झाला तर उपग्रहांना आणि जीपीएसला. सरपंचांनीही ते पुढं पाठवलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पुन्हा उसाच्या दराची चर्चा, म्हणजे सगळं सुरळीत.

टपालखर्च तुम्ही अजूनही घेत नाही, हे मात्र बरं नाही. म्हणून आवारातल्या चिंचेची, मीठ लावून फोडलेली, एक पिशवी पाठवतोय. ती परत करू नका.

दिवाळीनंतर आकाश उघडलं की फोटो येऊ द्या. यावेळी मागं दिशा लिहू नका, असा वर्गाचा निरोप आहे.

आपला,
निपाणी भागातील एक शिक्षक