त्याला नाव माहीत होतं

प्रिय बाळा,
जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, नरकात खरंच आग असते का?" आजी गेल्यापासून हे तुझ्या मनात घोळतंय, मला कळतं. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

येशूने नरकासाठी 'गेहेन्ना' शब्द वापरला. ती खरीखुरी जागा, यरुशलेमच्या दक्षिणेचं हिन्नोमचं खोरं. यहूदाच्या राजांच्या काळात तिथे लोकांनी पोटची पोरं आगीत होमली. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार बंद पाडला. नाव काढताच ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येत असणार.

पण मला भीती वाटते ती बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायातल्या दरीची. येशूने सांगितलेल्या त्या गोष्टीतल्या श्रीमंताने लाजर नावाच्या गरिबाला मारलं नाही की हाकललं नाही. जांभळी वस्त्रं घालून रोज चैन केली, आणि दाराशी लाजर फोडांनी भरून पडलेला. मेल्यावर लाजर मूळपुरुष अब्राहामाजवळ, आणि अधोलोकातून श्रीमंत ओरडतो, "बापा अब्राहामा, लाजराला पाठव, त्याने बोट पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी." बघ, त्याला नाव माहीत होतं! आणि तिथेही तो लाजराला कामालाच लावतोय. तरी अब्राहाम त्याला "मुला" म्हणतो. हा शब्द वाचताना दरवेळी माझा गळा दाटतो. आता मधे दरी आहे, ओलांडता येत नाही. जिवंतपणी मधे नुसतं एक दार होतं.

आपलं घर बांधताना विटा वाहायला एक बाई यायची. मला तिचं नाव ठाऊक होतं. पोराच्या तापासाठी तिने दोनशे रुपये उचल मागितली. मी म्हणालो, शनिवारी हिशेबात बघू. त्या आठवड्यात मी फरशी निवडत होतो. शनिवारी ती आली नाही, नंतरही कधी नाही. त्या रात्री आजीने मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

काल आजीची पेटी उघडली. दोन लुगडी, चष्मा आणि तिचं 'उपासना संगीत', भजनांचं पुस्तक. कसर लागेल, जंग चढेल असं तिच्याजवळ फार काही नव्हतंच. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नावं लिहिलेली, रात्रीच्या प्रार्थनेत घ्यायची. तुझं आहे, माझं आहे. माझ्या खालीच त्या बाईचं.

पुस्तक तुझ्यासाठी ठेवलंय. नाताळला आलास की घेऊन जा.

तुझा,
बाबा