फॉर्मच्या समासात मराठी

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझ्याकडे परदेशात आलो की मी निरक्षर होतो, त्यामुळे पुन्हा येणे नको." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, म्हणून सवडीने हे पत्र लिहायला बसले आहे.

ज्यांनी चाळीस वर्षे इतरांचे अर्ज लिहून दिले आणि ज्यांना तीन भाषा वाचता येतात, त्यांनी स्वतःला निरक्षर म्हणावे, हे मला मान्य नाही. रोजच्या जगण्याविषयीचे एखादे लहान, साधे विधान समजून वाचता व लिहिता येणे म्हणजे साक्षरता, अशी व्याख्या युनेस्कोने १९५८ साली केली होती, आणि ते विधान अमुकच भाषेत असावे, अशी अट तिच्यात नव्हती. तुम्हांला अडवले ते अक्षरांनी नव्हे. चौथ्या भाषेतला फॉर्म केवळ स्क्रीनवर आणि ठरावीक मिनिटांतच भरला पाहिजे, या व्यवस्थेने अडवले.

तुम्ही परतल्यावर टेबलाच्या खणात तुमची वही सापडली. आरोग्य केंद्राच्या नोंदणीसाठी तुम्ही तीनदा बसला होतात. प्रत्येक वाक्य दोनदा वाचून, शब्दांचे अर्थ वहीत उतरवून पुढे जाईपर्यंत वेळ संपल्याची सूचना येई आणि भरलेले सगळे पुसले जाई. त्या वहीत 'परावलंबी' या शब्दाखाली दोन रेघा आहेत. फोनने केलेले ते भाषांतर वाचून तुम्हांला काय वाटले असेल, याची कल्पना मला फार उशिरा आली. बाबा, त्या रकान्याचा अर्थ एवढाच होता की तुमचा विमा माझ्या नावावर आहे. शब्द बरोबर भाषांतरित होऊनही माणसाला किती चुकीचे काही सांगू शकतो, हे मला त्या दोन रेघांनी दाखवले.

आई, तुझी मला माफी मागायची आहे. डॉक्टरांपुढे दुभाषा म्हणून मी नऊ वर्षांच्या नातवाला बसवले, आणि त्याच्यासमोर बोलायचा संकोच वाटल्याने तू निम्मे दुखणे सांगितलेच नाहीस. मुलाला दोन्ही भाषा येतात, म्हणून मोठ्यांच्या आजाराचे ओझे त्याच्यावर टाकणे योग्य नव्हते. यापुढे भेटीची वेळ ठरवतानाच प्रशिक्षित दुभाषा मागायचा, असे मी ठरवले आहे.

मात्र नातवाशी मराठीत बोलणे तू थांबवू नकोस. त्याची इथली भाषा त्यामुळे मागे पडेल, ही तुझी भीती मला खरी वाटत नाही. एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची समज दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते, हे जिम कमिन्स या अभ्यासकांनी १९७९ मध्येच मांडले आहे. तो रोमन अक्षरांत मराठी निरोप पाठवतो, तू ते मोठ्याने वाचून अर्थ लावतेस आणि स्क्रीनवर बोटाने देवनागरी गिरवून उत्तर देतेस. दोन लिप्यांमधली ही ये-जा मला अस्सल साक्षरता वाटते. गेल्या आठवड्यात तुझ्या उत्तरातला 'ळ' त्याने वहीत पाच वेळा काढून पाहिला.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणाऱ्यांची संख्या सुमारे ३०.४ कोटी होती. एवढ्या लोकांची डॉक्टरची वेळ, शाळेची सूचना आणि सभेचे निमंत्रण आता स्क्रीनवरूनच येत असेल, तर ते न समजणारा माणूस त्याच गावात राहूनही गावाबाहेरच राहतो. म्हणून आम्ही काही पालकांनी आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी केली आहे: अर्धा भरलेला फॉर्म जतन करता यावा, कागदी प्रत मिळावी आणि अवघड शब्दांचा अर्थ सोप्या भाषेत शेजारीच द्यावा. अजून उत्तर आलेले नाही.

त्यासाठी तुमची मदत हवी आहे, बाबा. फॉर्मची कोरी प्रत सोबत पाठवत आहे. वाचताना जिथे जिथे थांबावे लागेल, तिथे समासात काय कळले नाही ते मराठीतच लिहा; आईलाही तिचे वेगळे लिहू द्या. पुढच्या बैठकीत मी ते भाषांतर करून मांडणार आहे, आणि सोबत तुमच्या हस्ताक्षरातली मूळ पाने ठेवणार आहे.

तुमची लेक